मॅगसल्फच्या दहा अ‍ॅम्प्यूल

वर्ध्याजवळच्या आमच्या नालवाडीत हल्ली ज्याच्या त्याच्या तोंडी मॅग्नेशियम आहे. मेडिकलच्या काउंटरवर त्याच्या बाटल्या पुढे मांडलेल्या असतात. मोबाइलवर झोपेची पावडर, पायाला मारायचा स्प्रे, अंघोळीच्या पाण्यात टाकायचं मीठ आणि लहान मुलांच्या गोळ्यांसारख्या चघळायच्या गोड गोळ्या दिसतात. मी आरोग्य सेविका म्हणून नोकरीला लागले आणि आरोग्य सहायिका म्हणून निवृत्त झाले. निवृत्त नर्स घरी आहे म्हटलं की गल्लीतल्या बाया सल्ला विचारायला येतातच. "मावशी, पायात गोळे येतात, हे मॅग्नेशियम घेऊ का?" हा प्रश्न आता बीपीच्या गोळीपेक्षा जास्त वेळा येतो. त्याचं उत्तर मी देतेच, इथेही देणार आहे. पण ज्या मॅग्नेशियमने बाळंतिणीचा जीव वाचतो, त्याच्याविषयी मला आजवर कुणी एक शब्द विचारलेला नाही. हा लेख मुख्यतः त्यासाठी आहे.

त्या औषधाला लेबर रूममध्ये आम्ही मॅगसल्फ म्हणतो, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. पांढरे, काचेसारखे खडे, चवीला कडू. इंग्लंडातल्या एप्सम गावच्या झऱ्याच्या पाण्यातून ते पहिल्यांदा काढलं गेलं, म्हणून बाजारात त्याला एप्सम सॉल्ट म्हणतात. तिथल्या गुरांनी ते कडू पाणी तोंडी लावलं नाही, अशी 1618 सालची गोष्ट सांगतात. हेच मीठ आमच्या भागात प्रत्येक कृषी केंद्रात पोत्याने मिळतं. कपाशीची बोंडं भरायला लागली, रात्री गारठा पडू लागला, की पानं कडेने लाल होतात. तो लाल्या. एकदम भरपूर बोंडं धरणाऱ्या बीटी वाणांवर तो जास्त दिसतो, कारण झाडाची मागणी मोठी आणि जमिनीतून नत्र व मॅग्नेशियमचा पुरवठा अपुरा. पानातल्या हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू असतो, तो मिळाला नाही की पान हिरवं राहत नाही. म्हणून एक टक्क्याची फवारणी, पंधरा लिटरच्या पंपाला दीडशे ग्रॅम. माझे दीर वर्षानुवर्षं ती करत आले आहेत. त्यांच्या हातातली पिशवी आणि माझ्या हातातली अ‍ॅम्प्यूल यांतलं मीठ एकच. फरक शुद्धतेचा आहे, आणि तो जिवाचा फरक आहे. शेतीचं मीठ कुणी पोटात घेऊ नये.

वॉर्डात त्याचा आणखी एक उपयोग सगळ्यांनी पाहिलेला असतो. सलाइन लावलेला हात सुजला की सिस्टर मॅगसल्फ आणि ग्लिसरिनमध्ये भिजवलेली पट्टी ठेवतात. मॅग्नेशियमची भावंडं तर घरोघरी आहेत. आम्लपित्ताच्या गुलाबी औषधात मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड असतं. त्याच्या जोडीला अ‍ॅल्युमिनियमचा क्षार घालतात, कारण नुसत्या अ‍ॅल्युमिनियमने पोट बांधून येतं आणि नुसत्या मॅग्नेशियमने ढिलं होतं. गोळी यंत्राला चिकटू नये म्हणून बहुतेक औषधी गोळ्यांत चिमूटभर मॅग्नेशियम स्टिअरेट असतं. पावडरच्या डब्यातला टाल्क हासुद्धा मॅग्नेशियमचा सिलिकेट. तेव्हा हे काही परवा सापडलेलं नवल नाही.

आता बाटल्यांचं. बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं: मॅग्नेशियम ग्लायसिनेट, 500 मिलिग्रॅम. बाई समजते की पाचशे मिलिग्रॅम मॅग्नेशियम पोटात गेलं. प्रत्यक्षात ग्लायसिनेटमध्ये मॅग्नेशियम असतं सुमारे 14 टक्के, म्हणजे त्या गोळीत 70 मिलिग्रॅम. बाकीचं वजन त्याला जोडलेल्या ग्लायसिनचं. सायट्रेटमध्ये ते 16 टक्क्यांच्या आसपास असतं. ऑक्साइडमध्ये तब्बल 60 टक्के, पण ते आतड्यात फार कमी शोषलं जातं, बरंचसं जुलाबाच्या वाटेने निघून जातं. म्हणून डब्याच्या मागे बारीक अक्षरांत 'एलिमेंटल मॅग्नेशियम' किती लिहिलंय तेवढंच बघायचं. ते लिहिलेलंच नसेल तर बाटली परत काउंटरवर ठेवावी, हे माझं स्पष्ट मत आहे. हजाराच्या घरातली बाटली विकणाऱ्याने आत काय आहे ते नीट सांगितलंच पाहिजे.

गोळ्यांचा उपयोग किती? बद्धकोष्ठावर मॅग्नेशियम चालतं, यात शंका नाही. अर्धशिशीच्या काही रोग्यांना डॉक्टर देतात. झोपेवरचे अभ्यास लहान आणि कच्चे आहेत. पायातल्या गोळ्यांसाठी सगळ्यात जास्त बाटल्या खपतात, आणि तिथेच पुरावा सगळ्यात वाईट आहे. जगभरचे प्रयोग एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेनच्या 2020 च्या आढाव्यात स्पष्ट म्हटलंय की वयस्कर माणसांच्या पायातल्या गोळ्यांवर मॅग्नेशियमचा खरा फायदा होण्याची शक्यता फारशी नाही. गरोदर बायांबद्दलचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. कातडीतून मॅग्नेशियम अंगात मुरतं म्हणणाऱ्या स्प्रेला आणि अंघोळीच्या मिठाला ठोस आधार नाही. दिवसभर निंदण करून आलेल्या बाईने गरम पाण्यात पाय सोडून बसावं, बरं वाटतं, पण ते गरम पाण्यामुळे.

कमतरता खोटी आहे असं मी म्हणत नाही. वर्षानुवर्षं दारू पिणारे, जुनाट जुलाबाचे रोगी, साखर ताब्यात नसलेले मधुमेही, लघवीच्या गोळ्या घेणारे यांना ती होते. रोज सकाळी उपाशीपोटी अ‍ॅसिडिटीची गोळी घेण्याची सवय आपल्याकडे फार पसरली आहे. ओमेप्राझोल, पँटोप्राझोलच्या जातीच्या त्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्या तर रक्तातलं मॅग्नेशियम उतरू शकतं, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2011 मध्ये दिला. अशा माणसाने रक्त तपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावं. आणि ज्याची किडनी कमजोर आहे त्याने मॅग्नेशियमची बाटली, जुलाबाचं औषध, एप्सम सॉल्टचं पाणी, काहीही मनाने घेऊ नये. जादा मॅग्नेशियम शरीराबाहेर जाण्याचा रस्ता लघवी हाच आहे. तो बंद असेल तर ते रक्तात साठतं, स्नायू ढिले पडतात, श्वास मंदावतो. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनीही दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवावं.

पोटातून काय जावं, याचा विचार वर्ध्याने फार पूर्वी केला होता. डिसेंबर 1934 मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या बागेत, मगनवाडीत, जे. सी. कुमारप्पांनी त्याचं काम चालवलं. हातसडीचा तांदूळ, जात्यावरचं कोंड्यासकट पीठ, घाण्याचं तेल यांचा आग्रह तिथून देशभर गेला. गांधीजींनी 1935 मध्ये त्याच मगनवाडीत सोयाबीन जेवणात घेऊन पाहिलं. त्याच काळात विनोबा आमच्या नालवाडीत राहून सूत कातत होते. तेव्हा मॅग्नेशियमची भाषा कुणी करत नव्हतं. पण गिरणीत तांदूळ पांढराशुभ्र करताना जे कोंड्याबरोबर निघून जातं, त्यात मॅग्नेशियमचा मोठा वाटा असतो. आज 100 ग्रॅम पॉलिश तांदळात ते 20 मिलिग्रॅमच्या आसपास उरतं. तेवढ्याच ज्वारीत सुमारे 130 असतं, भुईमुगाच्या दाण्यांत दोनशेच्या जवळ, तिळात साडेतीनशेच्या वर. आयसीएमआरच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे बाईला दिवसाला 370 मिलिग्रॅम लागतं, पुरुषाला 440. चार भाकरींची दोनशे ग्रॅम ज्वारी, मूठभर दाणे आणि तिळाची चमचाभर चटणी, एवढ्यात साडेतीनशे होतात. वर हरभऱ्याची डाळ किंवा पालेभाजी आली की हिशेब पुरा. गिरणीतून दळून आणलेली गव्हाची कणीकही चालते, मैदा चालत नाही. ज्या जिल्ह्यात सोयाबीन ट्रकांनी मोंढ्यावर जातं, त्या जिल्ह्यातल्या सुनेने गोड गोळ्यांवर महिन्याला हजार रुपये घालवावेत, याचं मला फार वाईट वाटतं.

इतकं सांगून आता मूळ गोष्टीकडे येते.

गरोदरपणात पाचव्या महिन्यानंतर काही बायांचा रक्तदाब 140/90 च्या वर जातो आणि लघवीत प्रथिनं उतरतात. चेहऱ्यावर, हातांवर सूज येते. नंतर डोकं ठणकायला लागतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, उजव्या बरगडीखाली दुखतं. त्यापुढची पायरी म्हणजे झटके. डोळे फिरतात, दातखीळ बसते, अंग ताठ होऊन थडाथडा उडतं. डॉक्टर त्याला एक्लॅम्प्सिया म्हणतात. गावात कुणी मिरगी म्हणतं, कुणी बाहेरचं लागलं म्हणतं, आणि त्यात दोन-चार तास जातात. एकामागून एक झटके आले तर मेंदूत रक्तस्राव होतो, आई जाते, बाळ जातं.

मॅगसल्फ हे झटके थांबवतं आणि पुढचे येऊ देत नाही. जर्मनीत 1906 मध्ये ते पहिल्यांदा यासाठी वापरलं गेलं. अमेरिकेत डलासच्या प्रिचर्ड यांनी 1955 मध्ये त्याची पद्धत मांडली. आपल्याकडे मात्र मद्रासच्या कृष्ण मेनन यांचं 1961 चं तीन गुंगीच्या औषधांचं मिश्रण चालायचं. माझ्या आधीच्या पिढीच्या सिस्टर तेच देत. कोणतं औषध चांगलं, हा वाद 1995 मध्ये संपला. भारतासह अनेक देशांतल्या 1,687 बायांवर झालेल्या तुलनेत मॅगसल्फ घेतलेल्यांना पुन्हा झटका येण्याचं प्रमाण डायझेपामपेक्षा 52 टक्क्यांनी आणि फेनिटॉइनपेक्षा 67 टक्क्यांनी कमी निघालं. मग 2002 मध्ये मॅगपाय नावाचा मोठा अभ्यास आला. 33 देशांतल्या दहा हजारांवर बाया त्यात होत्या. झटका यायच्या आधीच, रक्तदाब वाढलेला आणि लघवीत प्रथिनं उतरलेली असताना मॅगसल्फ दिलं तर झटक्याचा धोका 58 टक्क्यांनी घटतो, हे त्यातून कळलं. महाराष्ट्राचाही यात हात आहे. सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सुमन सरदेसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या बायांची अंगकाठी लहान असते हे ध्यानात घेऊन कमी मात्रेची पद्धत तपासली आणि 2003 मध्ये छापली. एवढा भक्कम पुरावा असलेलं आणि एका अ‍ॅम्प्यूलला काही रुपये पडणारं दुसरं औषध मला तरी ठाऊक नाही.

ते द्यायचं कसं, हे एकदा जवळून सांगते. पावसाळ्याचे दिवस होते, पहिलटकरीण, आठवा महिना. बैलगाडीच्या वाटेवरून जीपमध्ये घालून आणलेली. सासू रडत होती, "बाई, सकाळपासून डोकं फुटून रायलं म्हणे, अन् आता डोळेच पांढरे केले इनं." झटका ओसरला होता, पोरगी घोरत होती. तिला डाव्या कुशीवर वळवली, तोंडातला फेस पुसून घेतला, जीभ चावू नये म्हणून एअरवे घातला. मदतनीस ताईंनी कपाटातून खोका काढला. मॅगसल्फची एक अ‍ॅम्प्यूल दोन मिलिलिटरची, तिच्यात एक ग्रॅम औषध. पहिला डोस दहा ग्रॅमचा, म्हणजे दहा अ‍ॅम्प्यूल. एकेकीचं नाव आणि तारीख वाचायची, मान फोडायची, दहा मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये ओढायची. एका सिरिंजमध्ये पाच, दुसरीत पाच. हात कापत असले तर काच बोटात जाते, म्हणून कापूस धरून फोडायच्या. लांब सुई कंबरेखाली बाहेरच्या वरच्या भागात खोल घालायची, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या. हे इंजेक्शन दुखतं, अंगात आग पेटल्यासारखं होतं, त्या अर्धवट शुद्धीतही ती कळवळली. मग चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: मॅगसल्फ दहा ग्रॅम, किती वाजता, बीपी किती, झटका किती वाजता. ही चिठ्ठी नीट नसली तर पुढच्या दवाखान्यात एकतर डोस दुबार होतो नाहीतर कुणी देतच नाही. पुढे मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत तिला दुसरा झटका आला नाही. ती आणि तिचा मुलगा दोघं आहेत.

पुढचे डोस देताना मात्र पहारा लागतो. गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का बघायचं, श्वास मिनिटाला सोळाच्या खाली तर नाही ना मोजायचं, लघवी तासाला किमान 30 मिलिलिटर होते का बघायचं. मॅग्नेशियम अंगात जास्त झालं की आधी गुडघ्याची ती उडी जाते, मग श्वास. म्हणून खाटेशेजारी कॅल्शियम ग्लुकोनेटची अ‍ॅम्प्यूल तयार ठेवतात, तो त्यावरचा उतारा. या भीतीपोटीच बऱ्याच ठिकाणी नर्सेस पहिला डोससुद्धा देत नाहीत. ही भीती मला समजते, पण ती चुकीच्या जागी आहे. स्नायूत दिलेला पहिला डोस हा पाठवण्याआधी देण्यासाठीच ठरवलेला आहे. केंद्र सरकारच्या 2010 च्या प्रसूतीविषयक मार्गदर्शक सूचनांत आरोग्य सेविकेला तो देण्याची स्पष्ट मुभा आहे. धोका नजर न ठेवता दिलेल्या पुढच्या डोसांचा असतो.

आणि तरीही मी काय पाहिलं? एका ठिकाणी खोक्यात अ‍ॅम्प्यूल होत्या, पण मुदत उलटलेल्या. एका ठिकाणी फक्त चार. एका ठिकाणी सगळं होतं आणि किल्ली ज्यांच्याकडे होती ते तालुक्याला मीटिंगला गेलेले. चिठ्ठीवर नुसतं 'रेफर' लिहून झटके येत असलेली बाई गाडीत घातलेली मी पाहिली आहे. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, वर्ध्याचं जिल्हा रुग्णालय, सावंगीचं रुग्णालय, आपल्याकडे मोठे दवाखाने आहेत. या बाबतीत आमचा जिल्हा भाग्यवान आहे. पण आष्टी, कारंजाच्या टोकाच्या गावाहून तिथे पोचायला जो वेळ लागतो, त्या वेळेत पहिला डोस अंगात असावा की नसावा, हे उपकेंद्रातल्या कपाटावर ठरतं.

माझं मागणं मोठं नाही. प्रत्येक उपकेंद्रात मॅगसल्फच्या दहा अ‍ॅम्प्यूल, दोन मोठ्या सिरिंज, लांब सुया, एअरवे आणि डोसाचा कागद एका वेगळ्या डब्यात, कुलूप न लावलेल्या. डब्याच्या झाकणावर मुदत संपण्याची तारीख. दर तीन महिन्यांनी सर्व सेविकांचा सराव, रिकाम्या अ‍ॅम्प्यूल आणि घड्याळ घेऊन. जिल्हा परिषदेने हे तपासावंच. पण गावानेही तपासावं. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती प्रत्येक गावात आहे. तिच्या बैठकीत बहुतेक वेळा फवारणी आणि नालीचा विषय होतो. एखाद्या बाईने उठून विचारावं, "मॅडम, त्या दहा अ‍ॅम्प्यूल दाखवा." आपल्या सेविका हे ऐकून रागावणार नाहीत. उलट साठा मागायला त्यांना जोर मिळेल.

आणखी एक. आशाताई गरोदर बायांना कॅल्शियमच्या गोळ्या देतात. त्या कितीतरी घरांत कोनाड्यात पडून असतात, आणि त्याच घरात मॅग्नेशियमची बाटली विकत आणलेली मी पाहिली आहे. ज्यांच्या जेवणात कॅल्शियम कमी असतं त्या बायांमध्ये कॅल्शियमने रक्तदाबाच्या या आजाराचा धोका कमी होतो, म्हणूनच त्या गोळ्या फुकट दिल्या जातात. त्या घ्या. दर तपासणीला बीपी मोजून घ्या, लघवी तपासून घ्या. घाईत राहिलं तर मागून घ्या.

बाळंतपण सुखरूप झालं की घर निवांत होतं. झटके मात्र बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन दिवसांतही येतात, आणि काही बायांना आठवड्यानंतर, माहेरी बाजेवर असताना येतात. बाळंतिणीचं डोकं दुखलं की हवा लागली म्हणून डोक्याला फडकं गुंडाळतात, शेक देतात. फडकं गुंडाळा, पण त्याच दिवशी तिचा बीपी मोजून घ्या. अंधारी येत असेल, उलट्या होत असतील, तर सकाळची वाट बघू नका. 108 ला फोन करा आणि फोनवरच सांगा की बाळंतीण आहे, इतक्या दिवसांची आहे, डोकं दुखतंय. म्हणजे गाडीतल्या डॉक्टरला काय तयार ठेवायचं ते कळेल.